पगारापलीकडची मंडळी

हमरिया फ्री झोनमध्ये माणसाची ओळख गळ्यातल्या पासवर लिहिलेली असते: फोटो, नाव, हुद्दा, कंपनी. शारजा अमिरातीने 1995 साली उभारलेला हा औद्योगिक पट्टा अजमान आणि उम्म अल् कुवैन यांच्या मधल्या किनाऱ्यावर आहे. खोल पाण्याचे बंदर, पोलादाची यार्डे, तेलविहिरींसाठी लागणारी अवजड जोडकामे, रसायनांच्या टाक्या. आणि कामगारांच्या राहण्याच्या इमारती, ज्यांना सगळे नुसते ‘कॅम्प’ म्हणतात. कोणी कोणाच्या खोलीत राहायचे हे कॅम्प-बॉस ठरवतो. कोणी या देशात किती दिवस राहायचे हे व्हिसा ठरवतो, आणि व्हिसा नोकरीला बांधलेला असतो. अशा जागी नगरचा वेल्डर, वसईचा स्टोअरकीपर, सोलापूरचा रिगर आणि जालन्याचा सेफ्टी ऑफिसर एका प्रार्थनेला बसतात. त्यांना एकत्र आणले ते नोकरीने. पुढे त्यांच्यात मैत्री झाली तर ती कशाच्या जोरावर? आणि त्यातला एकजण बाकीच्यांना प्रभूच्या मार्गाचे धडे देऊ लागला, तर हा अधिकार त्याला दिला कोणी?

हे पुस्तक या दोन प्रश्नांभोवती लिहिले गेले आहे. शारजा, अजमान आणि हमरियाच्या परिसरात काम केलेल्या मराठी ख्रिस्ती माणसांचे मैत्री आणि शिष्यत्व या विषयांवरचे लेख त्यात आहेत. काहींनी आपले नाव छापू दिलेले नाही. कारण विचारण्याची गरज पडली नाही. कामावरचा वरिष्ठ हाच प्रार्थनेतला पुढारीही असेल, तर त्याच्याविषयी खरे लिहिणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय आणणे. मला या प्रस्तावनेत जे म्हणायचे आहे ते या भीतीपाशीच सुरू होते. आपली भाकरी ज्याच्या हातात आहे, त्याचे शिष्य आपण खुशाल होतो; पण त्याच्या तोंडावर ‘तुमचे चुकते आहे’ असे म्हणण्याची सोय नसेल, तर त्या नात्याला मैत्री म्हणता येईल का? आणि मैत्री नसेल, तर ते ख्रिस्ती शिष्यत्व तरी राहते का? मराठी मुलुखातल्या मंडळ्यांचा दोनशे वर्षांचा इतिहास मला तरी याच प्रश्नाच्या उजेडात सर्वांत नीट दिसतो.

नवख्या वाचकासाठी थोडे मुळापासून. योहानाच्या शुभवर्तमानात शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांना दासांच्या रांगेतून उठवून मित्रांच्या रांगेत बसवतो, आणि तसे का ते सांगतो. धनी काय करतो आहे हे दासाला ठाऊक नसते. शिष्यांपासून मात्र त्याने काही लपवून ठेवलेले नाही. उपदेशांतून या प्रसंगातला जिव्हाळा तेवढा उचलला जातो आणि त्यामागचे कारण मागे राहते. मैत्रीचा पाया इथे माहितीवर घातला आहे. आत काय चालले आहे हे ज्याला कळते, तो प्रश्नही विचारू शकतो. पुढे अंत्युखियात नेमके हेच घडले. परजातीय विश्वासणाऱ्यांच्या पंक्तीला बसणारा पेत्र, यरुशलेमहून वजनदार माणसे आल्यावर हळूच पंक्तीतून उठला. आणि पौलाने त्याला सगळ्यांसमक्ष खडसावले. पेत्र हा पहिल्या शिष्यांतला, पौल उशिरा आलेला. वाद जेवणाच्या पंक्तीचा होता, हे महाराष्ट्रातल्या वाचकाला अधिक समजावून सांगायला नको. ज्या पुण्यात 1890 साली पंचहौद मिशनमध्ये चहा घेतल्यावरून लोकमान्य टिळक आणि न्यायमूर्ती रानडे यांच्यापर्यंत ग्रामण्य पोचले, त्या प्रांतात पंक्तीचा प्रश्न किती खोल जातो हे आपण जाणतो.

आखाताचा किनारा या कथेत फार जुन्या काळापासून आहे, आणि इथे राहणाऱ्या मराठी माणसाला बहुधा त्याचा पत्ता नसतो. हमरियाच्या शेजारच्या अमिरातीत, उम्म अल् कुवैनच्या सिनिया बेटावर एका ख्रिस्ती मठाचे अवशेष सापडल्याचे 2022 साली जाहीर झाले. इस्लामच्या उदयाच्या सुमाराचा हा मठ. छोटे चर्च, पाण्याचे हौद, भाकरी भाजण्याच्या भट्ट्या आणि एकत्र जेवण्याची जागा. अबू धाबीच्या सर बनी यास बेटावर असाच मठ 1992मध्ये सापडला होता. हे मठवासी पूर्वेच्या मंडळीतले, सिरियाक भाषेत प्रार्थना करणारे. याच मंडळीचा धागा समुद्रापलीकडे कोकणापर्यंत पोचला होता. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मास लिहितो की कल्याण नावाच्या ठिकाणी बिशप आहे आणि त्याची नेमणूक पर्शियातून होते. हे कल्याण म्हणजे आपलेच कल्याण, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे असेल तर आज कल्याणहून शारजाला येणारा ख्रिस्ती फिटर जुन्याच समुद्रवाटेने उलटा येतो आहे.

याच किनाऱ्याच्या टापूत, तेव्हाच्या बेथ कत्राये प्रांतात, सातव्या शतकात इसहाक जन्मला. पुढे त्याला निनवेचा बिशप केले आणि तो थोड्याच महिन्यांत पद सोडून डोंगरात निघून गेला. का, याची परंपरेतली गोष्ट अशी: एक सावकार आणि एक ऋणको भांडत त्याच्याकडे आले. ऋणको मुदत मागत होता, सावकार कोर्टाची धमकी देत होता. इसहाकाने शुभवर्तमानाचा दाखला दिला, तेव्हा सावकार म्हणाला, ते शुभवर्तमान जरा बाजूला ठेवा. शुभवर्तमान बाजूलाच ठेवायचे असेल तर मी इथे कशाला बसलो आहे, असे म्हणून इसहाक उठला. गोष्ट खरी की रचलेली हा वाद इतिहासकारांनी घालावा. आखातात ज्याने मित्राला पैसे उसने दिले आहेत किंवा घेतले आहेत, त्याला ती खरीच वाटेल. या पुस्तकातल्या लेखांत देवाणघेवाणीचा विषय वारंवार येतो, त्याचे नवल वाटू नये.

मठांनी शिष्यत्वाला शिस्त दिली: ठरलेल्या वेळची प्रार्थना, एक वडीलधारा, आज्ञापालन. पण मठांना मैत्रीचे भयही वाटत आले. दोघांची जवळीक म्हणजे गटबाजीची सुरुवात, अशी शंका. त्या शंकेला सर्वांत सुंदर उत्तर बाराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या रीव्हो मठाचा प्रमुख एल्रेड याने दिले. आध्यात्मिक मैत्रीवरचा त्याचा ग्रंथ संवादाच्या रूपात आहे. त्यात शिष्य शंका काढतात, अडवतात, आणि मठप्रमुख त्यांना पुरेपूर बोलू देतो. अठराव्या शतकात मेथडिस्टांनी दहा-बारा जणांचे छोटे वर्ग काढले. आठवड्यातून एकदा जमून प्रत्येकाने आपल्या जगण्याचा जबाब द्यायचा. विसाव्या शतकात जर्मनीत डीट्रिख बॉनहोफरने फिंकेनवाल्डच्या गुप्त धर्मशिक्षण-शाळेत तरुण पाळकांबरोबर एकत्र जगून पाहिले. नाझी पोलिसांनी ती शाळा 1937मध्ये बंद केली. शिष्यत्वावरचा त्याचा ग्रंथ त्याच वर्षी आला, आणि सहजीवनावरचा 1939मध्ये. एकटे राहता न येणाऱ्याने समाजापासून जपून राहावे आणि समाजात राहता न येणाऱ्याने एकांतापासून, हा त्याचा इशारा मला एका खोलीत सहा-आठ बिछाने असलेल्या कॅम्पमध्ये नेहमी आठवतो. तिथे एकांत मिळत नाही आणि सोबत टळत नाही.

आता आपल्याकडे. मराठीतले ख्रिस्ती लेखन सुरू होते ते एका श्रोत्याच्या प्रश्नांनी. मूळचे इंग्लंडचे, गोव्यात आलेले जेझुइट फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘ख्रिस्तपुराण’ 1616 साली छापले गेले, आणि त्या ओव्यांच्या रचनेत गुरू सांगतो तसा श्रोताही मध्येच उठून विचारतो. पुराणश्रवणाची ही रीत फादरांनी इथल्याच मातीतून उचलली. पण त्याच गोव्यात धर्मबंधूंच्या ज्या संस्था उभ्या राहिल्या, त्या कॉन्फ्रारिया पुष्कळ गावांत जातीच्या आणि गावकरीच्या कुंपणातच राहिल्या. उत्सवाचा मान कोणाचा यावरून तिथे अजूनही तंटे होतात.

उत्तरेकडे, मुंबईत 1813मध्ये अमेरिकन मिशनरी उतरले, 1831मध्ये नगरला त्यांचे ठाणे झाले, 1842मध्ये ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक निघाले. सुरुवातीचे बाप्तिस्मे मोजके, त्यातले काही ब्राह्मणांचे. मोठी लाट आली ती 1876 ते 78च्या दुष्काळानंतर, नगर जिल्ह्यातल्या महार आणि मांग वस्त्यांतून. दुष्काळात मिशनने कामे काढली, अन्न दिले; नंतर शाळा, दवाखाने, वसतिगृहे आली. त्या शाळेतला मास्तर, गावोगाव फिरणारा उपदेशक, घरोघर जाणारी बायबल-बाई, सगळे मिशनच्या पगारावर. बाप्तिस्मा देणारा, वचन शिकवणारा आणि पगारपत्रकावर सही करणारा साहेब एकच. मराठी ख्रिस्ती समाजाचा शिक्षणातला आणि शुश्रूषेतला मोठा वाटा या व्यवस्थेतून उभा राहिला, हे कोणी नाकारू नये. पण साहेबाला विरोध करणे म्हणजे देवाला विरोध, आणि वर नोकरीही जाणार, ही गाठ त्याच व्यवस्थेने बांधली. मिशन कंपाउंडमध्ये वाढलेल्या पिढ्यांना ती गाठ दिसतच नव्हती, कारण बंगला आणि चाळ हे अंतर त्यांनी जन्मापासून पाहिलेले होते.

ही गाठ दिसलेली आणि ती उघडपणे सोडवू पाहणारी दोन माणसे म्हणजे पंडिता रमाबाई आणि नारायण वामन टिळक.

रमाबाई 1883मध्ये इंग्लंडला गेल्या, वाँटेज इथल्या सिस्टरांच्या आश्रयाला राहिल्या आणि त्याच वर्षी सप्टेंबरात लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. राहणे, खाणे, शिक्षण, सगळे सिस्टरांच्या मदतीवर. तरीही वर्षभरात वाद पेटला. त्रैक्याचा सिद्धांत, चर्चचा अधिकार, पुरुषांना शिकवावे की नाही, या सगळ्यावर रमाबाईंनी सिस्टर जेराल्डीन यांना पत्रांतून असे सुनावले की आजही वाचताना धाप लागते. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की एका पुरोहितशाहीचे जू मानेवरून मोठ्या कष्टाने उतरवले, ते दुसरे चढवून घेण्यासाठी नाही. जेराल्डीनही तेवढ्याच कडक. अहंकार, उतावळेपणा, कृतघ्नता, सगळे आरोप त्यांनी केले. आणि तरीही संबंध तुटला नाही. मनोरमेसाठी त्या ‘आजीबाई’च राहिल्या. ही पत्रे जपली आणि 1907मध्ये एकत्र लावली ती जेराल्डीन यांनीच, स्वतःला बोल लावणारी पत्रे न वगळता. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1977मध्ये ती प्रसिद्ध केली. ख्रिस्ती मैत्रीवर मराठी माणसाने वाचायचे पहिले पुस्तक कोणते, असे मला कोणी विचारले तर मी या पत्रव्यवहाराचे नाव घेतो. त्यात गोडवा फारसा नाही. एकीने दुसरीला खरे सांगितले आणि दुसरीने ते कागद फाडले नाहीत, एवढे आहे.

टिळकांची वाट वेगळी. राजनांदगावला जाताना गाडीच्या डब्यात एका अनोळखी युरोपियनाने त्यांना नवा करार दिला आणि तो उतरून गेला. पुढे 1895मध्ये बाप्तिस्मा. पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षे दुरावल्या. त्या परत आल्या, पण श्रद्धेने यायला त्यांनी स्वतःचा वेळ घेतला. ‘स्मृतिचित्रे’ हे त्यांचे आत्मकथन वाचणाऱ्याला ठाऊक आहे की टिळकांच्या युक्तिवादांनी त्या हलल्या नाहीत. जातिभेद देवाने केलेला नाही, माणसाचा आहे, हे त्यांना आपले आपण उमगले आणि मग त्या कोणाच्याही हातचे जेवायला मोकळ्या झाल्या. नवरा हा गुरू आणि बायको ही शिष्या, हा त्या काळचा सोपा साचा त्या संसाराने मोडला. त्यांच्या नगरच्या घरी बालकवी ठोंबरे मुलासारखे राहिले आणि हिंदूच राहिले; त्या घरातल्या मायेला बाप्तिस्म्याची अट नव्हती.

टिळक अमेरिकन मिशनमध्ये शिकवत, ‘ज्ञानोदय’च्या मराठी भागाचे संपादन करत, मिशनऱ्यांशी त्यांचे सख्य होते. तरी 1917मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली, संन्यास घेतला आणि साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ मांडला. बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या, ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सगळ्यांना त्यात जागा होती. ख्रिस्ताकडे आपण तुकोबांच्या पुलावरून आलो, असे म्हणणाऱ्या माणसाला संतमेळ्याची कल्पना नवी नव्हती. गोरोबाकाकांनी नामदेवाच्या डोक्यावर थापटणे मारून मडके कच्चे असल्याचे सांगितले आणि नामदेवाने ते मनाला लावून घेऊन गुरू शोधला, अशा गोष्टी ऐकत मराठी माणूस वाढतो; संतांच्या सभेत वय, जात, कीर्ती यांची पत्रास नसते. दरबार फार टिकला नाही. टिळक 1919च्या मे महिन्यात गेले, आणि माणूस गेल्यावर सोहळा ओसरला. पण एका पगारदार उपदेशकाने पगार सोडून मित्र म्हणून उभे राहून पाहिले, ही घटना लहान नाही.

टिळकांनी नोकरी सोडण्याआधी सात वर्षे, 1910मध्ये, एडिंबरोच्या जागतिक मिशनरी परिषदेत दक्षिण भारतातले व्ही. एस. अझरय्या यांनी हेच गोऱ्या श्रोत्यांना तोंडावर सांगितले होते: तुमच्या त्यागाबद्दल, दानाबद्दल आम्ही ऋणी आहोत, आता आम्हाला मैत्री द्या. सभागृहात अस्वस्थता पसरली. हे भाषण आजही उद्धृत होते. गंमत म्हणजे ते उद्धृत करणाऱ्या परिषदांत यजमान कोण आणि पाहुणा कोण हे आजही स्पष्ट कळते.

टिळकांचे चरित्र लिहिले जॅक विन्स्लो या अँग्लिकन पाळकाने, 1923मध्ये. त्याच्या आदल्या वर्षी त्यांनी नगरला ‘ख्रिस्त सेवा संघ’ सुरू केला होता, तो पुढे पुण्यात आला. खादी, शाकाहार, जमिनीवर पंगत, इंग्रज आणि भारतीय सदस्य बरोबरीने. तिथे 1927मध्ये ऑक्सफर्डहून व्हेरियर एल्विन आले आणि त्यांना शामराव हिवाळे भेटले. या दोघांची मैत्री मराठी ख्रिस्ती इतिहासातली सर्वांत मोठी आणि सर्वांत कमी सांगितलेली कथा आहे. दोघे 1932मध्ये मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेले. एल्विननी लिहिले, जगाने त्यांना ओळखले. दवाखाना, शाळा, हिशेब, गावकऱ्यांची भांडणे, उपचार हे मोठ्या प्रमाणावर शामरावांनी ओढले. परधान या आदिवासी जमातीवरचे स्वतःचे पुस्तकही लिहिले, आणि एल्विनचे चरित्रही. पुढे एल्विन नेफा (ईशान्य सीमा) प्रशासनाचे सल्लागार होऊन शिलाँगला गेले. शामराव मध्य प्रदेशातच राहिले. रामचंद्र गुहांचे एल्विन-चरित्र वाचताना या मैत्रीची ऊब जाणवते आणि तिची किंमत कोणी मोजली हेही. एल्विननी शामरावांना कधी चाकर मानले नाही, याबद्दल मला शंका नाही. पण मित्राच्या मोठेपणाखाली राहणे ज्याला सहज जमते, त्याला आपला हक्क मागणे जमत नाही. रमाबाईंना जे भांडण जमले ते शामरावांना जमले नसावे, किंवा नको वाटले असावे. प्रेम कमी होते म्हणून नव्हे. मला वाटते, ते जरा जास्तच होते.

संघ 1934मध्ये दुभंगला. त्याचा पुण्यातला ‘ख्रिस्त प्रेम सेवा’ आश्रम 1972मध्ये पुन्हा उभा राहिला तो कॅथलिक सेक्रेड हार्टच्या आणि अँग्लिकन वाँटेजच्या सिस्टरांनी मिळून. रमाबाईंशी भांडलेल्या त्याच संस्थेच्या पुढच्या पिढीने.

स्वातंत्र्यानंतर मिशनरी गेले, मंडळ्या आपल्या हाती आल्या. 1970मध्ये नागपुरात उत्तर भारतातल्या अनेक मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झाले. साहेब गेला, पण खुर्ची राहिली. मिळकतींचे खटले, निवडणुका, गट यांत मैत्रीचे काय झाले हे प्रत्येक मराठी ख्रिस्ती घरात ठाऊक आहे. अनुसूचित जातींच्या यादीतून 1950च्या आदेशाने ख्रिस्ती दलित बाहेर राहिले ते अजून बाहेरच आहेत, आणि मंडळीच्या आत सोयरिकीच्या वेळी जुनी जात विचारली जाते तीही अजून. वसईत कॅथलिकांची कथा वेगळी आहे. तिथे ‘सुवार्ता’ मासिक, फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे लेखन आणि त्यांचे ‘सुबोध बायबल’ यांनी गावकी, भाषा आणि श्रद्धा यांचा मेळ मोकळ्या वातावरणात घातला. नगरचा प्रॉटेस्टंट आणि वसईचा कॅथलिक महाराष्ट्रात आयुष्यभर एकमेकांच्या उपासनेला गेलेले नसतात. शारजाच्या यर्मूक भागात मात्र सेंट मायकलचे कॅथलिक चर्च, अँग्लिकन सेंट मार्टिन, आर्मेनियन आणि केरळच्या मंडळ्या जवळजवळ आहेत, आणि पार्किंगमध्ये ‘तुम्ही पण मराठी?’ असे विचारताच ही जुनी भिंत निम्मी खाली येते.

याच काळात शिष्यत्वाचे एक नवे वळण अमेरिकेहून आले. 1930च्या दशकात तिथल्या नौसैनिकांमध्ये डॉसन ट्रॉटमन यांनी एकाने एकाला घडवायचे, त्याने पुढच्याला, अशी पद्धत रुजवली. बंदरे आणि जहाजे यांच्यासाठी ती उत्तम, कारण माणूस कुठेही गेला तरी काम चालू राहते. त्याच कल्पनेला 1970च्या दशकात फ्लोरिडात निराळे फाटे फुटले. पाच पुढाऱ्यांनी ‘मेंढपाळगिरी’ची साखळी बांधली, लग्न, नोकरी, घर यांसाठी वरच्याची परवानगी घेण्यापर्यंत मजल गेली. घरे मोडली, आणि पुढे त्यातल्याच एका पुढाऱ्याने जाहीर माफी मागितली. मराठीत आज शिष्यत्वावर मिळणारी बहुतेक पुस्तके या अमेरिकन प्रवाहाची भाषांतरे आहेत. पायऱ्या, तक्ते, रिकाम्या जागा भरा. ती निरुपयोगी आहेत असे मी म्हणत नाही. नव्या विश्वासणाऱ्याला सुरुवात हवी असते. पण त्यांत गुरूचे चुकले तर शिष्याने काय करायचे याचा तक्ता मला सापडला नाही.

आखातात हा प्रश्न पुस्तकी राहत नाही. उपासना परवाना असलेल्या आवारातच होते, धर्मप्रचाराला मनाई आहे, आणि या चौकटीत राज्याने दिलेले स्वातंत्र्य शेजारच्या कित्येक देशांपेक्षा जास्त आहे. अबू धाबीत फेब्रुवारी 2019मध्ये पोप फ्रान्सिस आणि अल्-अझहरचे इमाम अहमद अल्-तय्यब यांनी मानवी बंधुत्वाच्या दस्तऐवजावर सह्या केल्या, तेव्हा इथल्या कामगारांनी तो दिवस आपला मानला. अडचण दुसरीकडे आहे. वर्षानुवर्षे शुक्रवार हाच इथला ‘रविवार’ होता. 2022च्या जानेवारीत सरकारी सुट्ट्या बदलल्या, शारजाने शुक्रवार ते रविवार अशी तीन दिवसांची सुट्टी धरली. खाजगी कंपन्यांनी आपापले वेळापत्रक ठेवले, आणि एकाच प्रार्थनेतले चार लोक चार वेगळ्या दिवशी मोकळे होऊ लागले. उन्हाळ्यात, 15 जून ते 15 सप्टेंबर, दुपारी साडेबारा ते तीन उघड्यावरचे काम कायद्याने बंद असते. कित्येकांची खरी सहभागिता त्या अडीच तासांत, सावलीला, डबा उघडून होते. आणि ज्याने तीन वर्षे वचन शिकवले तो एका महिन्याच्या नोटिशीवर मायदेशी जातो, प्रार्थनेची वही दुसऱ्याच्या हातात देऊन.

अशा ठिकाणी मिशन कंपाउंडची जुनी गाठ नव्या रूपात बसते. फोरमन प्रार्थना चालवतो, ओव्हरटाइमची यादीही तोच करतो. नव्या मुलाला नोकरी ज्याने लावून दिली, तो त्याचा ‘आत्मिक बाप’ होतो. उपकार खरे असतात, म्हणूनच बोलणे अवघड जाते. इथल्या मंडळ्यांत फिरताना मी ज्यांना मोठे मानू लागलो, ती माणसे हा पेच ओळखून स्वतः बाजूला सरलेली होती: खालच्या हुद्द्याच्या माणसाला प्रार्थना चालवायला देणारी, उसने दिलेल्या पैशाची चर्चा प्रार्थनेनंतर आणि खोलीबाहेर करणारी, आणि कोणी तोंडावर चूक दाखवली तर पुढच्या आठवड्यातही त्याच्याच शेजारी बसणारी.

या लेखांची निवड करताना संपादकांनी विद्वत्तेपेक्षा हा अनुभव पाहिला. म्हणून इथे सिद्धांत थोडा आणि व्यवहार जास्त सापडेल: कर्ज, आजार, कॅम्पमधली दारू, घरी लपवलेली पगारकपात, पंथ बदललेला मित्र, मित्राच्या पार्थिवाबरोबर केलेला विमानप्रवास. काही लेख एकमेकांना छेद देतात. एकाला आज्ञापालनाशिवाय शिष्यत्व अशक्य वाटते, दुसऱ्याला त्याच आज्ञापालनाने मंडळीपासून पाच वर्षे दूर ठेवले. संपादकांनी त्यांच्यात समेट घडवून आणलेला नाही, आणि ते बरे केले. पुस्तक शेवटापासून किंवा मधूनही वाचता येते. गटात वाचणाऱ्यांनी एका बैठकीला एकच लेख घ्यावा आणि वाचणारा माणूस दरवेळी बदलावा.

एक उणीव मात्र मोठी आहे. घरकाम आणि शुश्रूषा करणाऱ्या स्त्रियांचे लेखन इथे जवळजवळ नाही. ज्या घरात काम त्याच घरात राहणे, सुट्टीचा दिवस मालकाच्या मर्जीवर, आणि चर्चला पोचायला स्वतःचे वाहन नाही. मैत्री आणि मालकी यांच्या गुंत्याविषयी बोलण्याचा त्यांचा अधिकार आम्हा यार्डातल्या पुरुषांपेक्षा मोठा आहे. संपादकांनी त्यांच्याकडून लिहून घेण्याऐवजी बोलणे ध्वनिमुद्रित करण्याचे ठरवले आहे, कारण सलग लिहायला बसण्याइतका वेळ त्यांच्या दिवसात नसतो. ते काम सुरू झाले आहे. ज्यांना त्यात मदत करायची आहे, त्यांनी आधी प्रत्येक बाईच्या सुट्टीचा दिवस कोणता हे विचारून घ्यावे आणि मग बैठकीची वेळ ठरवावी.

हमरिया फ्री झोन, शारजा